उजवा कुणाचा?

पाकळी हलली तेव्हा माझा अंगठा माईकच्या बटणावर होता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. बाकीचं सगळं मागाहून मनाने रचलेलं असेल. मन रिकामं बसलं की रचतंच काहीतरी. शनिवारची संध्याकाळ होती, रत्नागिरीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत मी एकटा होतो. देवरूखची गाडी लागल्याचं नुकतंच पुकारलं होतं आणि समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केला होता. मोबाईलमध्ये आमच्या गावचा भिकाजी गुरव. त्याने फोन स्वतःच्या तोंडासमोर असा धरलेला की निम्मा पडदा त्याच्या गालानेच व्यापलेला, आणि खांद्यामागे समईच्या उजेडात आमचा ग्रामदेव भैरी. भैरीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. आमच्याकडे देवाला विचारायची रीत ही अशी. गाऱ्हाणं घालायचं, पाकळ्यांकडे बघत बसायचं, आणि देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर हो, डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. याला आम्ही कौल म्हणतो. देवाचा उजवा म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा, हे आमच्याकडची पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात. प्रश्न होता, आत्माराम रावजीची, म्हणजे माझी, मुलगी मनस्वी हिचं लग्न केळशीच्या सागरशी लावावं की लावू नये. भिकाजीने डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, मी इकडून रीतीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि पाकळी हलली. माझ्या पडद्यावर हलली ती माझ्या उजव्या अंगाची, म्हणजे देवाच्या डाव्या खांद्याची, म्हणजे नाही. आणि मी ओरडलो, "अरे, ती नको! उजवा! उजवा पाहिजे मला, उजवा!"

माईक चालूच राहिला होता. माझा आवाज स्टँडवरच्या सगळ्या कर्ण्यांतून बाहेर पडला आणि समोरच्या दुकानांवर आपटून परत माझ्याच खिडकीत आला. चिपळूणच्या गाडीसाठी उभे असलेले लोक बोचकी उचलून मुकाट उजवीकडे सरकले. आपल्या लोकांना कुणी ठणकावून सांगितलं की बरं वाटतं. गुरुप्रसाद ड्रायव्हर देवरूखची गाडी मागे घेत होता, त्याने कचकन ब्रेक मारला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडला, "ओ काका, उजवा कुणाचा? माझा की तुमचा?" तेवढ्यात मोबाईलमधून भिकाजीचा आवाज आला, "पडली! उजवा दिलान देवान, आत्मारामा! लावून टाक लगीन!" आणि त्याचं उघडं तोंड तसंच पडद्यावर थिजलं आणि फोन बंद पडला. मी बघितलं होतं डावा. गुरव म्हणत होता उजवा. खाली गुरुप्रसाद हॉर्न वाजवत विचारत होता, कुणाचा. मी बटण बंद केलं आणि टेबलाची कड धरून बसलो.

टेबल धरून बसण्याचं कारण पाकळी नव्हती. कारण असं की मला काही पाहिजे नव्हतं. म्हणजे तसं ठरलेलं होतं. गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीजवळच्या मंगल कार्यालयात एका स्वामींची प्रवचनं झाली, आणि तिसऱ्या दिवशी स्वामी म्हणाले, "तू कर्ता नाहीस. तू नुसता साक्षी आहेस. जे होतंय ते होतंय, तू पाहा." त्या वाक्याने मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, पोटभर जेवल्यावर पट्ट्याचं एक भोक सैल करावं तसं. मला ते आधीपासून माहीतच होतं की! उभा जन्म मी तेच करत आलोय. खिडकीशी म्हाताऱ्या येतात आणि म्हणतात, "भाऊ, पालीची गाडी सोडा की लवकर," जशा काही गाड्या माझ्या खिशात आहेत. मी म्हणतो म्हणून गाडी सुटते का? गाडी सुटणार असते, मी नुसतं सांगतो. पण लोकांना वाटतं हाच सोडतो. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी तसंच वाटायचं. मी "सुटत आहे" म्हणायचो, गाडी हलायची, आणि माझी छाती फुगायची. मग एकदा घसा बसला, आठवडाभर एक शब्द फुटला नाही, आणि गाड्या आपल्या सुटतच राहिल्या. त्या आठवड्यात मला जे कळलं होतं त्याला शब्द नव्हता, तो स्वामींनी दिला. साक्षी.

मग मी साक्षी झालो. हे वाटतं तितकं सोपं नसतं. सोसायटीच्या सभेत रंग पिवळा की पांढरा असा वाद निघाला, मी म्हटलं, भिंत रंगवली जाईल. राजश्री, म्हणजे माझी बायको, पडद्याचं कापड दाखवायला लागली, मी म्हटलं, कापड दिसतंय. तिने विचारलं, आमटी कशी झालीय? मी म्हटलं, आमटी झालीय. तिने ते पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी आमटी अळणी व्हायला लागली, मग भाजी, मग माशाचं कालवणसुद्धा. बांगड्याचं कालवण अळणी खाणं म्हणजे काय असतं हे रत्नागिरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी जीभ ओरडली, मी जिभेकडे साक्षीभावाने पाहिलं. मिठाची बरणी समोर होती, हात पुढे गेला, मी हाताकडे पाहिलं, हात मागे आला. मला वाटलं, राजश्रीचं वय झालं, विसरते बिचारी, किंवा डॉक्टरांनी माझ्या ब्लडप्रेशरवरून तिला काही सांगितलं असेल. पण माझी वाटी अजूनही सगळ्यांत आधी भरून येते, एवढा मान बाई ठेवते, मग मिठावरून तोंड कशाला उघडा? महिन्या-दोन महिन्यांत मला त्याचा अभिमानच वाटायला लागला. रसना जिंकली म्हणतात ती हीच. गुरुप्रसादला मी हे कँटीनमध्ये मिसळ खाता खाता सांगितलं. मिसळ मात्र मी अगदी मन लावून खायचो, आणि मन लागतंय हे अलिप्तपणे बघायचो. तो म्हणाला, "काका, दुसरी प्लेट घेऊ का?" मी म्हटलं, प्लेट येईल.

अशात मनस्वीने सागरचं सांगितलं. ती लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लॅबमध्ये आहे, आठवडाभर खेडला मैत्रिणींबरोबर राहते आणि शनिवारी घरी येते. सागर केळशीचा, जहाजावर असतो, आठ-आठ नऊ-नऊ महिने पाण्यात. पोरगा चांगला. मी त्याला एकदाच भेटलो, आरे-वारेच्या किनाऱ्यावर. मनस्वीच आम्हाला घेऊन गेली होती. राजश्री आणि मनस्वी पाण्यात पाय भिजवायला गेल्या आणि तो माझ्याशेजारी वाळूत बसला. बराच वेळ खिशातला रुमाल घडी करून उलगडून झाल्यावर म्हणाला, "काका, तुमचं मत काय?" मी म्हटलं, "मत हे मनाचं असतं, आणि मी म्हणजे मन नव्हे." दुसरा कोणी उठून गेला असता. तो विचार करून म्हणाला, "बरं काका. मग मनाला विचारून सांगा, मी आहे इथेच." आणि खरंच बसला की! सूर्य बुडाला, भेळवाला गाडी झाकून निघाला, राजश्री दोनदा हाक मारून गेली, हा आपला माझ्या मनाच्या उत्तराची वाट बघत शेजारी. जहाजावरच्या माणसाला वाट बघायची सवय असते बहुतेक. शेवटी मी वाळू झटकून उठलो. परतताना गाडीत मनस्वी खिडकीला डोकं लावून बसली होती आणि तिच्या मानेवरची ती लहानपणची कांजिण्यांची खूण मला दिसत होती. तिच्याकडेही मी साक्षीभावानेच पाहिलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आता सांगतोच. लेकीला मी रस्ता ओलांडतानासुद्धा मनगटाला धरायचो, बोट सुटतं म्हणून. आणि आता मीच हो म्हणायचं आणि तिला अशा माणसाच्या हवाली करायचं की ज्याचं घर पाण्यावर हलतंय? उद्या कुठल्या समुद्रात काही झालं, रात्री फोन वाजला, तर ते 'हो' माझं. आणि नाही म्हटलं आणि ती आयुष्यभर तशीच खिडकीला डोकं लावून, माझ्याकडे पाठ करून राहिली, तर ते 'नाही'ही माझंच. दोन्हीकडे मीच. साक्षीला हा त्रास नसतो. म्हणून मी गप्प राहिलो, आणि त्याला वैराग्य म्हटलं. गेल्या रविवारी मनस्वी निघताना दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, सागर सोमवारी जहाजावर चाललाय. त्याच्या आधी एकदा तोंडाने हो किंवा नाही म्हणा. नाही म्हणालात तरी चालेल, मी भांडेन, रडेन, ते आम्ही बघू. पण हे असं नको." मी म्हटलं, "जे व्हायचं ते होईल." ती चपलेचा पट्टा लावत खाली वाकली होती, ती तशीच वाकलेली म्हणाली, "होईल ना. रजिस्टर लग्न होईल. तिथे सहीला साक्षीदार लागतात. तुम्ही साक्षीच आहात, या मग सही करायला. बाप म्हणून यायची गरज नाही." आणि गेली. जिना उतरताना तिच्या पिशवीतले आईने दिलेले डबे एकमेकांवर वाजत होते, ते खालपर्यंत ऐकू आलं.

म्हणून कौल. माझ्या डोक्यात हे अगदी नीट बसत होतं. मी ठरवणार नाही, देव ठरवील, मी पुकारीन. आमच्या घराण्यात असंच चालत आलंय. माझं लग्नही कौलावरच झालं, आणि तो कौल म्हणजे माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा पाया आहे. आमचे आबा, रावजी, मोठे देवभोळे. राजश्रीचं स्थळ आलं तेव्हा देवळात बसले, पाकळ्या लावल्या, आणि देव बोलेचना. तास झाला, दोन झाले, दोन्ही पाकळ्या आपल्या जागी. आबांच्या पायाला मुंग्या आल्या, गुरवाने, म्हणजे भिकाजीच्या बापाने, तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. मी खांबाला टेकून उभा होतो. तोवर राजश्रीला मी एकदाच पाहिलं होतं, शिमग्यात, पालखीच्या गर्दीत, आणि ती मला आवडली होती की नव्हती हे मला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही. आबा उठायच्या बेतात असताना मागे बसलेला आमच्या वाडीतला धाकूकाका शिंकला. काय शिंकला! घंटेचा लोलक हलला म्हणतात. आणि उजवी पाकळी टपकन खाली. आबांनी लोटांगण घातलं. मी पुढे कैक वर्षं लोकांना सांगत आलोय, बघा, माझा संसार कुणी ठरवला? देवाने? नाही. आबांनी? नाही. मी? छे. एका म्हाताऱ्याच्या नाकातल्या धुळीने. जग हे असं चालतं, आपण उगाच मी मी करतो. स्वामींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनीही मान डोलावली होती.

आणि आता त्या साक्षीने भर स्टँडवर कर्ण्यांतून "पाहिजे मला" म्हणून बोंब ठोकली होती. ड्यूटी संपवून मी स्कूटरवर घरी निघालो तर मारुती मंदिराशी पानवाला म्हणाला, "काय काका, मिळाला का उजवा?" पुढे सिग्नलला एक अनोळखी बाई माझ्याकडे बघून शेजारणीला काही सांगत हसली. मला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. ते मला ओळखू येत नव्हतं. कोण ओरडलं? मी तर ठरवून ओरडलो नव्हतो. ठरवायला वेळच कुठे मिळाला! म्हणजे ते झालं, जसं शिंक येते तसं. मग ते माझं कसं? पण माझं नव्हतं म्हणावं तर घसा अजून दुखत होता तो कुणाचा? मी नाचणे रोडच्या चढावर स्कूटर बाजूला घेतली आणि जरा उभा राहिलो. कुणाच्या तरी कुंपणातल्या कलमाच्या मोहराचा वास येत होता, आणि मी तो घेत होतो. घेत होतो म्हणजे मीच घेत होतो, दुसरं कुणी नव्हतं तिथे. मग मला आठवलं की डावा पडला आहे. भिकाजी काहीही म्हणो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. देवाने नाही म्हटलंय. आणि मला देवाचा असा राग आला की मी स्कूटरच्या हँडलवर मूठ मारली.

दार राजश्रीने उघडलं. आत बाथरूममध्ये पाण्याचा आवाज, म्हणजे मनस्वी आली होती. राजश्री माझ्याकडे बघून स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग गेलो आणि ओट्याशी उभा राहून सगळं सांगून टाकलं. कौल लावल्याचं मी तिला आधी सांगितलं नव्हतं. ती ओलं खोबरं खवत होती. माझं होईपर्यंत खवत राहिली. मग विळी बाजूला सारून म्हणाली, "म्हणजे पोरीचा जीव टांगणीला, आणि तुम्ही फोनवर फुलं बघत बसलात."

"आपलंही लग्न तसंच ठरलं," मी म्हटलं. "धाकूकाका शिंकला नसता तर..."

"धाकूकाका शिंकला कसा?"

"कसा म्हणजे? शिंक काय कुणी ठरवून आणतं?"

"तपकिरीने शिंकला," राजश्री म्हणाली. "माझ्या आतेचा नवरा ना तो! कौलाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला होता. तुमच्याकडचा देव लवकर बोलत नाही असं आई म्हणत होती. मी त्याला तपकिरीची डबी दिली नि म्हटलं, काका, देव अगदीच अडून बसला तर एक चिमूट ओढा, आणि तोंड उजव्या पाकळीकडे करा."

मी गॅसच्या शेगडीला धरून उभा राहिलो. म्हणजे माझा पायाच गेला की. इतकी वर्षं मी ज्याला नाकातली धूळ म्हणत आलो ती आमच्या सासुरवाडीची तपकीर होती! "मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. माझा आवाज चिरकला.

"तुम्ही विचारलंत कधी, तू का केलंस माझ्याशी लग्न म्हणून?" ती म्हणाली आणि एकदम तोंड फिरवून फोडणीचं कढलं गॅसवर ठेवायला लागली. "शिमग्यात तुम्ही पालखीला खांदा दिला होता. सदरा फाटला होता इथे, काखेत, नि तुम्हाला पत्ताच नव्हता. मला तो माणूस पाहिजे होता. पाहिजे होता म्हणून केलं. त्यात देवाचं काय बिघडलं? एक शिंक तर मागितली."

काखेत फाटलेला तो सदरा मला आठवत होता. निळा होता. म्हणजे कुणीतरी बघत होतं. मी जगाचा साक्षी म्हणून मिरवत होतो, आणि माझी साक्षीदार इथे रोज खोबरं खवत होती. मोहरी तडतडायला लागली. राजश्री पदराने नाक पुसत होती. फोडणीने की कशाने ते मी विचारलं नाही, पण विचारावंसं वाटलं, हे खरं.

तेवढ्यात फोन वाजला. भिकाजी. मी बाहेरच्या खोलीत येऊन घेतला. केस पुसत मनस्वी बाहेर आली आणि तिथेच थांबली. "आत्मारामा," भिकाजी म्हणाला, आवाज पार पडलेला. "घोळ झाला रे. माज्या नातीन सांगितलान आता. सेल्फीत फोन धरला ना, की आपल्याला आपला उलटा दिसता, आरशागत. पलीकडच्याला सुलटा. मिया देवाकडे पाठ करून फोनातच बघत होतो. मना उजवा दिसला तो डावा व्हता. मागं वळून बगितला तर उजवी पाकळी अजून देवाच्या खांद्यावर चिकटलेली हाय. तू बगितलास ताच खरा. देवान नाय म्हटलान." फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज थांबला. मनस्वीने टॉवेल खाली केला. तिच्या तोंडावर आधी थोडंसं हसू होतं, ते गेलं. भिकाजी पुढे म्हणत होता, "आता देवाचा शब्द मोडायचा मंजे..."

"थांब भिकाजी," मी म्हटलं. "पाकळी देवाच्या डाव्या खांद्यावरची पडली ना?"

"व्हय."

"म्हणजे तुझ्या-माझ्या कुठल्या हाताची?"

"आपल्या उजव्या. पण कवल देवाच्या अंगान धरतात रे! वाडवडलांपासून..."

"धरतात ना. पण लग्न देवाच्या घरात नाहीये, माझ्या घरात आहे," मी म्हटलं. हे मी म्हटलं. नंतर मी पुष्कळ विचार केला, पण दुसरं कुणी तिथे बोलत होतं असं मला काही सापडलं नाही. "यंदा आमचा उजवा धर. देवाला सांग, आत्माराम येऊन पाया पडेल, नारळ देईल, पाहिजे तर कान धरेल. शिव्या द्यायच्या तर मला दे म्हणावं, पोरीला नको. जे काही होईल ते माझ्यावर." भिकाजी सवयीने म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि त्याने फोन ठेवला.

भीती गेली नव्हती, जहाज, पाणी, रात्रीचा फोन, सगळं होतं तिथेच. मनस्वी जवळ आली. केसांतलं पाणी तिच्या खांद्यावर ठिबकत होतं. "बाबा," ती म्हणाली, "मी खेडच्या गाडीतून उतरत होते तेव्हा. मी ऐकलं. अख्ख्या स्टँडने ऐकलं. एक आजोबा मला म्हणाले, कुणाला तरी काहीतरी फारच पाहिजे झालंय बघ." तिचा ओठ हलला. "पण ते माईकवर होतं. आता माझ्याकडे बघून म्हणा."

"हो," मी म्हटलं. एवढा छोटा शब्द, पण पुकारायच्या आवाजात आला नाही, अर्धा घशातच राहिला. म्हणून पुन्हा म्हटलं. "हो. लाव फोन त्याला. म्हणावं, मनाला विचारलं." ती ओल्या केसांनिशी माझ्या गळ्यात पडली आणि माझा शर्ट भिजला, आणि मी नुसता पाहत वगैरे राहिलो नाही, मी रडलो.

मग ती गॅलरीत जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत होती, आणि आम्ही ताटं घेतली. राजश्रीने नेहमीप्रमाणे माझी वाटी सगळ्यांत आधी भरून आणली. मनस्वी येऊन बसली. मी भात कालवला, पहिला घास घेतला. राजश्री डाव हातात घेऊन उभी होती. गणपतीपासून तिने विचारलं नव्हतं, ते तिने आज विचारलं. "आमटी कशी झालीय?"

"अळणी," मी म्हटलं. "मिठाचा कण नाही. आणि आजच नाही, शिमगा आला तरी रोज हेच चाललंय. बांगड्याचं कालवणसुद्धा! काय झालंय तुला?"

राजश्री खाली बसली. तिने डाव ताटात ठेवला, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले, आधी मला कळेचना की ती हसतेय की रडतेय. "बोललात एकदाचे," ती म्हणाली. "तुमची वाटी काढून घेतल्यावर आमच्यात मीठ घालायचे मी. म्हटलं बघू, किती दिवस खातो हा माणूस. मला वाटलं आठवड्यात ओरडाल. मग म्हटलं, गेलाच हा हातचा. रोज मुद्दाम टाकायचं नाही नि रोज आत जाऊन रडायचं."

मनस्वीने मिठाची बरणी उचलून माझ्यापुढे ठेवली. "किती ते तुमचं तुम्ही घाला," ती म्हणाली. मी घातलं. जरा जास्तच पडलं, आणि तेही मी मोठ्याने सांगितलं.